स्पिनाल्बांचं पान

१

पान फाटलेलं नव्हतं. कापलेलं होतं.

१९२२ सालची जन्मनोंदवही नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने, ओत्ताविओने, टेबलावर ठेवली, थुंकी लावून मे महिन्यापर्यंत पानं उलटली आणि त्याचा हात तिथेच राहिला. तिसाव्या नोंदीनंतर एकदम तेहतिसावी. मध्ये शिवणीला चिकटून बोटभर कागदाची पट्टी तेवढी उरली होती. तिची कड सरळ नव्हती. तळाशी रुंद, वर निमुळती, चंद्राच्या कोरीसारखी.

"हे कसं झालं?" ओत्ताविओ म्हणाला. "देल्फिनाताई, देवाशपथ, मी ही वही वर्षानुवर्षं उघडलेली नाही."

"ते धुळीवरून कळतंयच," मी म्हणाले. पण ते खोटं होतं. वहीच्या पाठीवर धूळ नव्हती. कुणीतरी ती नुकतीच हाताळली होती.

टेबलाच्या पलीकडे नेलिदा उभी होती. वय सव्वीस. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातून दोन दिवसांचा प्रवास करून ती इटलीतल्या आमच्या रिपालुंगा गावात आली होती. बोलायची आमचीच बोली, पण चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. आता इथे कुणी वापरत नाही असे शब्द तिच्या तोंडून पडत, आणि मला माझ्या मेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत.

तिने एक गुंडाळी सोडून पसरली. त्यावर झाड काढलेलं. छत्तीस नावं. रोसारिओत बावीस, कोर्दोबात तेरा, एक नातू समुद्र ओलांडून परत बार्सेलोनाला. सगळ्यांचं आडनाव स्पिनाल्बा. फांद्या खाली खाली येत एकाच नावाशी मिळत होत्या. लिबेरातो स्पिनाल्बा, जन्म रिपालुंगा. आणि त्याच्याही खाली, जिथे मूळ असायला हवं तिथे, पेन्सिलीने काढलेलं एक प्रश्नचिन्ह.

"सगळ्या इटलीच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या पाहिल्या," ती म्हणाली. "एक स्पिनाल्बा सापडत नाही, मावशी. माणसाचं आडनाव असं हवेतून येतं का? सोमवारी आजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर नजरेला नजर देत नाहीत. आजोबा म्हणतात, मला आत नेण्याआधी एवढंच सांगा, मी कुणाचा. मग चिरा मला."

तो गुरुवार होता. मी चाळीस वर्षं त्याच कचेरीत नोंदणीचं काम केलेली, निवृत्त झालेली बाई. म्हणून तिने मला बोलावून घेतलं होतं. गावात जुनी अक्षरं वाचणारं दुसरं कुणी नाही.

"शोधून द्याल ना?" तिने माझा हात धरला.

मी हो म्हणाले. तिला काय ठाऊक, की तिच्या आजोबांना मी एकदा पाहिलं होतं. याच टेबलाच्या याच बाजूला उभी राहून.

२

१९५१चा मे महिना. मी एकोणीस वर्षांची. माझे बाबा, औरेलिओ मार्राचीनो, नोंदणी अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखाली नुकती लागले होते.

तो आला तो टोपी हातात धरून. उन्हाने रापलेला, खांदे रुंद, बूट नवे आणि चावणारे. दरीपलीकडच्या शेतकऱ्यांकडे वाढलेला, मेंढ्यांमागे फिरलेला गडी. आठ दिवसांनी नेपल्सहून त्याचं जहाज सुटणार होतं.

"सिन्योरिना," तो म्हणाला, "माझ्या नोंदीचं अख्खं पान एकदा वाचून दाखवा. दाखल्यावर नुसतं नाव येतं. पानावर आणखी लिहिलेलं असतं म्हणतात. कुठे सापडलो, अंगावर काय होतं. मला वाचता येत नाही, पण ऐकता येतं."

मी हसले. नोंदवही माझ्या पाठीमागेच फळीवर होती. मी वळणार तोच आतल्या खोलीतून बाबांची हाक आली. आवाज त्यांचा नव्हताच जणू. मी आत गेले. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"त्याला सांग, वही बांधणीला गेलीय. पंधरा दिवसांनी ये म्हणावं."

"पण बाबा, वही तर—"

"देल्फिना. सांग."

मी बाहेर आले आणि सांगितलं. पंधरा दिवस. त्याने बोटांवर मोजलं, जहाजाचा दिवस आणि माझे पंधरा. मग मान हलवली.

"बरं. राहू दे मग. उपकार झाले, सिन्योरिना."

उपकार म्हणाला तो. खिशातून ओंजळभर सुके अंजीर काढून टेबलावर ठेवले आणि गेला. वही माझ्या पाठीला चार बोटांवर होती. हात मागे केला असता तर लागली असती.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय चुलीइतकी जुनी होती. मी अंजीर खाल्ले मात्र. त्यांची गोडी अजून घशाला लागते.

३

टाकलेल्या मुलाला नाव देणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम. आडनाव गावातल्या कुणाचंही नको, म्हणजे कुणावर बोट उठत नाही. कुणी ते कुठल्या सणावरून काढी, कुणी हवेपाण्यावरून. बाबांना लॅटिनचं वेड. गावात सांगत, मूल धुण्याच्या हौदापाशी सापडलं, कुंपणाला मेमधला पांढरा बहर आलेला. स्पिना आल्बा, पांढरा काटा. त्यावरून स्पिनाल्बा. एवढं मी नोंद न वाचताही सांगू शकत होते. पहिलं नाव लिबेरातो, तेही नवलाचं नाही. तो आमच्या गावचा संत. चौकात उभं राहून लिबेरातो अशी हाक मारली तर चारपाच टोप्या वळतात.

पण पान कुणी कापलं, आणि आताच का?

"वही कुणाकुणाच्या हाताला लागली असेल?" मी ओत्ताविओला विचारलं. नेलिदा सरायीवर गेली होती.

"ताई, मी अकरा वाजता कॉफीला जातो."

"दार लावून?"

तो आपली नखं पाहू लागला. "सगळ्या गावाला माहीत आहे मी लावत नाही. काय चोरायचंय इथे? मेलेल्यांचे जन्म?"

"आणि नेलिदाचं पत्र येणार आहे, हे कुणाला माहीत होतं?"

"ते... मी बारमध्ये वाचून दाखवलं. अर्जेंटिनाचं तिकीट होतं ना, सगळ्यांना पाहायचं होतं. गेल्या सोमवारी."

"आणि सोमवारनंतर इथे कोण आलं?"

"दोघंच. मंगळवारी कार्मोसिना. कचऱ्याची गाडी तिच्या गल्लीत वळत नाही म्हणून तासभर माझं डोकं खाल्लं, मग मी कॉफीला गेलो तरी इथेच बसून राहिली. बुधवारी आपले साबिनोदादा. पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला हवा होता. मी म्हटलं, दादा, तुम्ही जिवंत आहात हे मला बारमध्ये पत्ते खेळताना रोज दिसतं. तर म्हणाले, कागदावर लिहून दे, माझाच विश्वास बसत नाही."

साबिनो माझा थोरला भाऊ. एकोणसत्तर वर्षांचा, द्राक्षमळा करणारा.

ओत्ताविओने खुर्ची जवळ ओढली. "ताई, राग मानू नका. पण मघाशी बारमध्ये मी हे सांगून बसलो, आणि आता गावात तिसरंच नाव घेतायत. म्हणतात, जुनी किल्ली अजून कुणाकडे आहे? कुणाच्या बापाची सही आहे त्या पानावर?"

"कुणाच्या?"

"तुमच्या बाबांची. म्हणतात, पान देल्फिनानेच कापलं."

४

मी कापलं नव्हतं. पण ते ऐकून मला जो धक्का बसायला हवा होता तो बसला नाही. बसली ती जुनी ओळखीची बोच. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी ते पान कात्रीशिवाय कापलंच होतं की.

कार्मोसिना दारातच शेंगा सोलत बसली होती. ऐंशी वर्षांची, हाताने चपळ, जिभेने त्याहून. तिची आई गावची सुईण. मूल हौदापाशी सापडलं तेव्हा कचेरीत घेऊन गेली ती हीच सुईण.

"ये ये, सरकारी बाई," ती म्हणाली. "पोलीस नाही आणलेस बरोबर?"

"कार्मोसिना, तू बुधवारी... मंगळवारी कचेरीत एकटी बसलीस. वही पाहिलीस का?"

"वह्या शंभर पाहिल्या. कातडी बांधणीच्या. त्यातली कुठली कुठल्या सालची, हे मला देव सांगणार? चाळीस वर्षं माझ्याकडून कागदावर फुली मारून घेत आलीस, देल्फिना. विसरलीस?"

ते खरंच होतं. कार्मोसिनाला अक्षर येत नाही. शंभर वह्यांतून एक, एका वहीतून एक पान तिला काढता येणं शक्य नव्हतं. मला उगाच हसू आलं, मग लाज वाटली.

"तुझ्या आईने कधी सांगितलं का, ते पोर कुणाचं?"

"माझ्या आईच्या तोंडाला कुलूप होतं आणि किल्ली विहिरीत. एवढंच म्हणायची, की ते पोर असं गुंडाळून आलं होतं की मेयरचं पोरही येत नाही. टाकणारीने टाकलं नव्हतं, ठेवलं होतं." तिने एक शेंग मोडली. "तुझी आई किती सुरेख गायची गं हौदावर. ते तिचं गाणं, तिने स्वतःच रचलेलं. आठवतं?"

मला आठवत होतं. आई ते धुणं आपटतानाच म्हणायची, घरात कधी नाही.

*बारा उशा माझ्या, धुतल्या हौदावरी*
*सातवी वाऱ्याने नेली गं पांढऱ्या काट्यावरी*
*कुणाच्या डोईखाली असेल ती, पुसू नका*
*ओल्या हाताला माझ्या कोरडा रुमाल देऊ नका*

"आठवतं," मी म्हणाले. "का विचारलंस?"

कार्मोसिनाने शेंगांकडेच पाहत म्हटलं, "सहज. मला वाचता येत नाही, देल्फिना. पण ऐकता येतं."

तिच्या दारातून बाहेर पडले आणि गल्लीच्या मधोमध थांबले. हेच शब्द, अगदी हेच, टोपी हातात धरलेल्या एका माणसाने मला ऐकवले होते.

५

ज्याने पान कापलं त्याने एक चूक केली होती. जन्माची नोंदवही एक नसते, दोन असतात. शब्दाला शब्द सारख्या. एक गावात राहते, दुसरी वर्ष संपलं की जिल्ह्याच्या न्यायालयात जमा होते. हे आमच्या धंद्यातल्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. ओत्ताविओ कितीही ढिसाळ असला तरी ते त्याला पक्कं ठाऊक. एक पान कापून नोंद नाहीशी होते असं समजणारा माणूस कचेरीतला नव्हता.

ओत्ताविओ नाही. कार्मोसिना नाही.

उरलेलं नाव मी जिल्ह्याला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून बाहेर पाहत मनात येऊ दिलं नाही. शुक्रवारची सकाळ होती. नेलिदा शेजारी बसून मांडीवरच्या गुंडाळीला कुरवाळत होती.

"मावशी, तुमच्या घरात कोणकोण?" तिने विचारलं.

"मी एकटी. भाऊ आहे, साबिनो. त्याच्या नावावरून आमच्याकडे महाभारत झालेलं." मी सांगत सुटले, मन दुसरीकडे लावायला. "पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, ही आमची रीत. ती मोडणं म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडात मारणं. पण बाबांनी दादाचं नाव ठेवलं साबिनो. घराण्यात कुणाचंच नाही ते. आजोबांनी मरेपर्यंत आमचा उंबरा ओलांडला नाही. वाटेत भेटले तर बाबा टोपी काढायचे आणि ते पलीकडच्या भिंतीकडे पाहायचे."

"माझ्या आजोबांनी तर नाव ठेवताना कुणाच्याच बापाला विचारलं नाही," नेलिदा हसली. "बाप माहीतच नव्हता. तुमच्या आजोबांचं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर ओठांवर येऊन थांबलं.

"लिबेरातो," मी म्हणाले. "पण ते आमच्याकडे कुणाचंही असतं."

न्यायालयाच्या तळघरात दुसरी प्रत सापडायला दुपार झाली. पान शाबूत होतं. बाबांचं अक्षर. बाबांचं अक्षर असं डुगडुगलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी मोठ्याने वाचू लागले.

"नऊ मे एकोणीसशे बावीस. सकाळी सहा वाजता सार्वजनिक हौदाशेजारी, काटेरी कुंपणाच्या आडोशाला, एक दिवसाचा मुलगा सापडला. सुईणीने आणून हजर केला. आईबाप अज्ञात. मी, खाली सही करणार, या मुलाला लिबेरातो हे नाव आणि स्पिनाल्बा हे आडनाव देतो. मुलासोबत सापडलेली वस्तू: घरी विणलेल्या पांढऱ्या कापडाचा उशीचा अभ्रा एक. कोपऱ्यात लाल धाग्याने भरलेली अक्षरं आर आणि डी. त्याखाली आकडा—"

मी थांबले.

"आकडा काय, मावशी?"

"सात," मी म्हणाले.

६

आमच्याकडे मुलगी सात वर्षांची झाली की आपल्या लग्नाचं कापड भरायला बसते. चादरी, टॉवेल, अभ्रे. सगळं बाराबाराचं. प्रत्येकावर लाल धाग्याने स्वतःची अक्षरं आणि खाली आकडा, म्हणजे धुण्यात दुसरीच्या कापडाशी मिसळत नाही. त्या कापडावर जे भरलं ते मरेपर्यंत तिचं.

माझ्या आईचं माहेरचं नाव रेस्तितूता दि पालो. आर आणि डी.

आईच्या पेटीत अभ्रे अकराच होते. लहानपणी मी ते ओळीने लावायची आणि सहानंतर आठ आला की विचारायची, सातवा कुठे? आई म्हणायची, वाऱ्याने नेला. मला वाटे, खरंच वारा.

बसमध्ये मी नेलिदाला काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, उद्या सांगते. पुन्हा एकदा. माझ्या तोंडाला मुदती देण्याची सवयच जडलेली.

पेटी आईच्या मागे साबिनोकडे गेली होती. शनिवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले. तो मळ्यात होता. दार उघडंच. मी झाकण उचललं, कापूर आणि जुन्या साबणाचा वास आला. अभ्रे उचलत गेले. एक, दोन, तीन. चार, पाच, सहा.

सहा आणि आठच्या मध्ये घडी केलेला एक जाड कागद होता. त्याची कड चंद्राच्या कोरीसारखी.

"ठेव ते," मागून आवाज आला.

साबिनो दारात उभा होता. हातात द्राक्षाच्या वेली छाटायची वाकडी सुरी, पात्याचं टोक आत वळलेलं. खालून धरून स्वतःकडे ओढायचं, की वेल तुटते. कागदही तसाच तुटला होता.

"दादा," मी म्हणाले, "तू कापलंस."

"जिवंत असल्याचा दाखला काढायला गेलो होतो," तो म्हणाला. "ओत्ताविओ कॉफीला गेला. मला साल माहीत, महिना माहीत. आई दर नऊ मेला उपास धरायची, आठवतं? विचारलं तर म्हणायची नवस आहे." त्याने सुरी खिडकीत ठेवली. "पान हातात आलं तेव्हा वाटलं, झालं. संपलं. आता कुणाला काही सापडणार नाही."

"दुसरी प्रत असते, दादा. जिल्ह्याला."

त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग अचानक हसला, कोरडं. "म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याच्या थोरल्या मुलाला एवढंही ठाऊक नव्हतं. शिकलो असतो तर धड चोर तरी झालो असतो."

"तुला आईने सांगितलं?"

"जायच्या आदल्या दिवशी. एकोणऐंशी साली. मी तिला सूप भरवत होतो. म्हणाली, साबिनो, तू पहिला नाहीस. मला वाटलं, भ्रमात बोलतेय. मग सगळं बोलली. तिची पोरीची जात, एकोणीस वर्षांची. आजोबांना ती सून म्हणून नको होती, तिच्या बापाला जमीन नाही म्हणून. बाबा नोकरीला नवे. पोर झालं तिच्या मावशीकडे, लपून. सकाळी सुईणीने ते बाबांच्याच टेबलावर आणून ठेवलं, आणि बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, आईबाप अज्ञात."

"आणि खाली सही केली. शपथेवर."

"तीच तर गाठ बसली. तीन वर्षांनी आजोबा नरमले, लग्न झालं. तेव्हा पोर घरी आणायचं तर आधी कबूल करायला हवं होतं, की मी खोटी नोंद केली. नोकरी गेली असती, तुरुंग लागला असता. मग मी झालो. मला आजोबांचं नाव द्यायचं कसं? ते आधीच दिलेलं. एक लिबेरातो जिवंत असताना दुसरा लिबेरातो? बाबांनी बापाचा राग पत्करला, पण ते नाव दोनदा दिलं नाही."

खिडकीबाहेर कुंपणाला पांढरा बहर आला होता. त्या फुलांचा वास गोड नसतो, जवळ गेलं की किंचित कुजका येतो. लांबून मात्र फार सुंदर दिसतं.

"सोळा वर्षं हे पोटात ठेवलंस," मी म्हणाले. "मला का नाही सांगितलंस?"

"देल्फी, सगळा गाव मला थोरला म्हणतो. संताच्या मिरवणुकीत पुढचा दांडा माझ्या खांद्यावर, का? मी थोरला म्हणून. मळा माझा, पेटी माझी, बाबांचं घड्याळ माझं. तो दरीपलीकडे लोकांच्या मेंढ्या राखत होता आणि मी त्याच्या खुर्चीवर बसून सूप पीत होतो. पत्र आलं तेव्हा वाटलं, तो येईल आणि म्हणेल, उठ." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तू सांग आता त्या पोरीला. मी चोर आहे म्हणून सांग."

"सांगेन," मी म्हणाले. "पण आधी माझी चोरी तुला ऐकावी लागेल."

आणि मी त्याला १९५१ सांगितलं. वही, पंधरा दिवस, अंजीर. ऐकून तो मोडल्यासारखा पेटीवर बसला.

"म्हणजे बाबांनी त्याला पाहिलं? त्या दिवशी?"

"नाही पाहिलं. पाठ केली होती. पण आवाज ऐकला."

७

नेलिदाला मी त्याच दुपारी सगळं सांगितलं, साबिनोसमोर, पान हातात देऊन. ती रडली नाही. तिने गुंडाळी पसरली, खोडरबर काढलं आणि प्रश्नचिन्हावर धरलं. मग पुसलं नाही.

"हे मी नाही पुसणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगा त्यांना. तुम्हीच. त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं ना?"

रविवारी दुपारी, तिकडे सकाळ होती, आम्ही सरायीच्या टेलिफोनपाशी बसलो. नेलिदाने नंबर फिरवला, तिकडच्या कुणाशी बोलली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

श्वास ऐकू आला. मोठा, घरघरता.

"कोण?" आवाज म्हणाला. तो आवाज म्हातारा झाला होता, पण तोच होता.

चाळीस वर्षं मी लोकांना त्यांचे जन्म वाचून दाखवले. त्या क्षणी मला एकच वाक्य सुचलं.

"वही बांधणीहून परत आली," मी म्हणाले.

पलीकडून हळूच आलं, "पंधरा दिवस म्हणाला होतात, सिन्योरिना."

"खोटं बोलले होते. वही माझ्या पाठीमागे होती."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुम्ही बोलताना तिच्याकडे वळून पाहिलंत. मी म्हटलं, पोरगी लहान आहे, तिला कुणीतरी सांगितलंय. तिला कशाला अडचणीत आणा."

त्याने चिडायला हवं होतं. चिडला असता तर मला सोसलं असतं.

मी पान वाचलं. सगळं, एक शब्द न गाळता. कुंपण, अभ्रा, लाल धागा, सात. मग पानावर नसलेलंही सांगितलं. आईचं नाव, बाबांचं नाव, आजोबांचं नाव जे त्याला मिळालं आणि आम्हाला नाही. आईचं गाणंही म्हटलं, माझ्या बेसूर आवाजात. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे तुम्ही..."

"मी देल्फिना. तुझी बहीण."

"छत्तीस जण हे नाव लावतात इथे," तो म्हणाला. "दुकानाच्या पाटीवर आहे. थडग्यावर घालायचं ठरलंय. आता काय करू? खोडू? मार्राचीनो लिहू?"

"नको," मी म्हणाले. "आम्हाला दिलेलं आडनाव बाबांना फुकट मिळालं होतं. तुझं त्यांनी बसून घडवलं. आयुष्यात तेवढं एकच."

"हं," तो म्हणाला. "पण घडवलं ते मला लांब ठेवायलाच ना?"

मी "हो" म्हणाले. त्याला निदान एक खरा शब्द तरी मी देणं लागत होते.

तो हसल्यासारखा वाटला, की खोकला होता. "तिथे आणखी कुणी आहे का?"

मी रिसीव्हर साबिनोपुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. ज्याला सगळा गाव एकोणसत्तर वर्षं दादा म्हणत आला, तो माझा भाऊ भिंतीला टेकला, डोळे मिटले, आणि लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला,

"दादा... मी तुझ्या जागेवर बसलोय."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. साबिनोने कधी सांगितलं नाही आणि मी, या वेळी, मुद्दाम विचारलं नाही. ते त्या दोघांचं होतं.

नेलिदाने मात्र बाजूच्या टेबलावर गुंडाळी पसरली, पेन्सिल उचलली आणि प्रश्नचिन्हाच्या दोन्ही अंगांना दोन नावं लिहिली, औरेलिओ आणि रेस्तितूता. प्रश्नचिन्ह तिने मध्ये तसंच राहू दिलं.